कसोटीत वेगवान स्पेल बघताना: दाद कुठे द्यायची, कुठे थांबायचं

कसोटीच्या एका दिवसात ९० षटकं, म्हणजे ५४० चेंडू. त्यात दहा-बारा विकेट पडल्या तर दिवस गाजला म्हणायचा. चौकार धरा चाळीसेक. फक्त विकेट आणि चौकारांवर टाळ्या वाजवल्या तर दिवसाच्या तिकिटात पन्नासेक चेंडूंचाच खेळ पदरात पडतो. वेगवान गोलंदाज भरात असताना खरी झुंज उरलेल्या पाचशे चेंडूंतच चाललेली असते. बॅटच्या कडेला चाटून जातोय असं वाटायला लावणारा चेंडू, शेवटच्या क्षणी सोडून दिलेला चेंडू, बरगडीवर घेतलेला चेंडू, या सगळ्यांना दाद देता आली पाहिजे. मैफलीत जागेवर आलेली दाद गवयाला बरोबर कळते. मैदानावर ती गोलंदाजाला आणि फलंदाजाला तशीच कळते, आणि चुकीच्या जागी आलेलीही कळते.

जागा कुठली घ्यायची

तिकीट काढण्याआधी मैदानाच्या नकाशावर दोन्ही साइटस्क्रीन, म्हणजे खेळपट्टीच्या दोन टोकांमागे सीमारेषेबाहेर उभे केलेले मोठे पडदे, शोधा. साइटस्क्रीनच्या मागची किंवा लगतची, आणि शक्यतो वरच्या मजल्यावरची जागा मिळाली तर चेंडू हवेत किती वळला आणि टप्पा पडल्यावर आत आला की बाहेर गेला, हे साध्या डोळ्यांनी दिसतं. पॉइंट किंवा स्क्वेअर लेगच्या बाजूला, म्हणजे खेळपट्टीच्या आडव्या रेषेत, बसलात तर वळण जवळजवळ दिसतच नाही, पण टप्पा, उसळी आणि वेग चांगले दिसतात. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून बॅटपर्यंत पोचायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तो अर्धा सेकंद किती लहान असतो हे समजायला स्क्वेअरची बाजू उत्तम. दोन दिवस जाणार असाल तर एकेक दिवस दोन्हीकडे बसा.

ऊनही बघा. खेळपट्ट्या साधारण उत्तर-दक्षिण असतात, त्यामुळे दुपारनंतर पश्चिमेच्या स्टँडला सावली आणि पूर्वेच्या स्टँडला तोंडावर ऊन. आपल्याकडे कसोटी सहसा साडेनऊला सुरू होऊन साडेचारला संपते. टी-टाइमनंतरचं शेवटचं सत्र पूर्वेकडून बघायचं असेल तर टोपी विसरू नका.

दुर्बीण नेणार असाल तर ८×४२ पुरे. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहा पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि धावत येणारा गोलंदाज चौकटीतून सारखा निसटतो. मात्र दुर्बीण दोन चेंडूंच्या मधल्या वेळात वापरायची. चेंडू पडताना ती खाली, नाहीतर कीपर आणि त्याच्या शेजारी कड झेलायला उभे असलेले स्लिप नजरेआड होतात.

साइटस्क्रीनच्या रेषेत बसणाऱ्यांवर एक जबाबदारी असते. गोलंदाज मार्कवर, म्हणजे धाव सुरू करायच्या खुणेवर, वळला की उठायचं नाही, झेंडा फिरवायचा नाही, वडापाव घेऊन जिना चढायचा नाही. फलंदाजाला त्या रेषेत हालचाल दिसली की तो स्टंपसमोरून बाजूला होतो. गोलंदाज वीस-पंचवीस मीटर धावून आलेला असतो, ती धाव फुकट जाते आणि त्याची लय मोडते. तुमच्या लाडक्या गोलंदाजाचं सगळ्यात मोठं नुकसान त्याचेच चाहते असं करून बसतात.

नजर कुठे ठेवायची

नवा प्रेक्षक चेंडूच्या मागे डोळे पळवतो. ते सोडा. स्पेलचं, म्हणजे गोलंदाज ओळीने टाकतो त्या षटकांमधलं, पहिलं षटक कीपरकडे बघण्यात घाला. तो किती मागे उभा आहे? चेंडू त्याच्या हातात छातीशी येतोय की घोट्यापाशी घसरत येतोय? छातीशी येत असेल तर कड लागल्यावर चेंडू स्लिपपर्यंत पोचणार, म्हणजे प्रत्येक चेंडूवर श्वास रोखायला कारण आहे. घोट्यापाशी येत असेल तर दोन-तीन षटकांत कीपर आणि स्लिप दोन पावलं पुढे सरकलेले दिसतील. ते सरकले की समजायचं, खेळपट्टी मंद आहे आणि आता गोलंदाज स्टंपवर मारा करणार.

मग क्षेत्ररचना. तीन स्लिप आणि गली असेल तर ऑफ स्टंपच्या बाहेर, स्टंपपासून साधारण सहा ते आठ मीटरवरचा टप्पा अपेक्षित. शॉर्ट लेग (फलंदाजाच्या पायाच्या बाजूला अगदी जवळ उभा राहणारा) आत आला आणि त्याच वेळी डीप स्क्वेअर लेग सीमारेषेवर गेला, तर बाउन्सर, म्हणजे आखूड टप्प्यावरून अंगावर उसळणारा चेंडू, येणार. कधी कधी ही रचना फक्त धाक घालायला लावतात आणि फलंदाज मागच्या पायावर गेला की चेंडू पायात टाकतात. २०१४ मध्ये इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्सवर धोनीने इशांत शर्माला आखूड टप्प्यावर आणलं. उपाहाराच्या अगदी तोंडावर मोईन अली बाउन्सरवर शॉर्ट लेगला झेल देऊन गेला आणि तिथून सामना फिरला. इशांतने त्या डावात ७४ धावांत ७ बळी घेतले. बदललेली क्षेत्ररचना ज्यांनी टिपली होती, त्यांना ती विकेट पडायच्या आधीच दिसू लागली असणार.

आवाजाबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे भलेभले फसतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. खेळपट्टीपासून तुम्ही ८५ मीटरवर बसला असाल तर बॅटचा आवाज तुमच्यापर्यंत पाव सेकंद उशिरा येतो. तेवढ्यात चेंडू बॅटपासून बराच मागे गेलेला असतो. म्हणून ‘टक’ ऐकून ‘कट लागला!’ (बॅटची कड लागली) असं ओरडू नका. तो आवाज बॅट पॅडला किंवा जमिनीला लागल्याचाही असू शकतो. कीपर, पहिली स्लिप आणि गोलंदाज असे तिघे एकदम उसळले तर कट आहे. एकटा गोलंदाज ओरडतोय आणि कीपरने चेंडू खाली टाकून दिला, तर नाही.

हुकला, सोडला, अडवला

बॅट हुकली. गोलंदाजीतला हा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात दुर्दैवी क्षण, कारण धावफलकावर त्याची नोंद फक्त एक टिंब. इथे दाद दोन टप्प्यांत येते. आधी आपसूक निघणारा ‘ओऽऽ’, आणि गोलंदाज डोक्याला हात लावून परत फिरला की टाळ्या. दुसरा टप्पा लोक विसरतात. गोलंदाज मार्कवर परत चालत जातो तेव्हा त्याच्याकडे तीसेक सेकंद असतात, आणि तेव्हाच त्याला टाळ्या ऐकू येतात. ‘वेल बोल्ड’ तेव्हा म्हणा. फलंदाजाची खिल्ली उडवू नका. चांगला चेंडू हुकणं म्हणजे चूक नव्हे. त्या चेंडूमागे बॅट न नेणारा, म्हणजे कड न लागू देणारा फलंदाज बरंच काही बरोबर करत असतो.

चेंडू सोडणं ही तर फलंदाजीतली अवघड कला. ऑफ स्टंप नेमका कुठे आहे हे ज्याला माहीत आहे तोच चेंडू सोडू शकतो. बघायचं काय? हात. बॅट वर आणि हात शरीराजवळ असतील, डोकं चेंडूच्या रेषेपर्यंत गेलं असेल, तर फलंदाजाने ठरवून सोडलाय. हात पुढे जाऊन झटकन मागे आले असतील तर तो वाचलाय. पहिल्याला टाळी फलंदाजासाठी, दुसऱ्याला गोलंदाजासाठी. सुनील गावसकरांनी सलामीला वर्षानुवर्षं जे केलं त्याचा पाया हाच होता, आणि मुंबईच्या जुन्या प्रेक्षकांना सोडलेल्या चेंडूला ‘शाब्बास’ म्हणायची सवय होती. ती परत आणायला हवी.

बचाव केलेल्या चेंडूला प्रत्येक वेळी टाळी नको, तिची किंमत जाते. पण निर्धाव षटक संपलं की वाजवा, आणि ती दोघांसाठी. एखादा फलंदाज तासभर टिकून गोलंदाजाचा स्पेल संपवतो, गोलंदाज अंपायरकडून टोपी आणि स्वेटर घेतो, तोही टाळीचा क्षण. ब्रिस्बेनच्या गॅबावर १९ जानेवारी २०२१ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने ३२८ धावांचं लक्ष्य तीन गडी राखून गाठलं. ऋषभ पंतच्या नाबाद ८९ धावा सगळ्यांच्या लक्षात आहेत. त्याआधी चेतेश्वर पुजाराने २११ चेंडूंत ५६ धावा काढल्या आणि कमिन्स, हेझलवुड, स्टार्क यांचे चेंडू हाता-खांद्यावर, हेल्मेटवर झेलत उभा राहिला. पंतला थकलेले गोलंदाज मिळाले ते पुजारामुळे. अशा डावाला अर्धशतकापर्यंत थांबून दाद द्यायची नसते. दर अर्ध्या तासाने द्यायची.

धावत येणाऱ्या गोलंदाजासोबत ताल

१९७० च्या दशकात मेलबर्नला डेनिस लिली धावू लागला की अख्खं मैदान त्याच्या नावाचा ताल धरायचं. आज जगभर हे चालतं. नीट जमलं तर अंगावर काटा येतो, नाही जमलं तर नुसता गोंगाट.

गोलंदाज मार्कवर वळला की सुरुवात, आधी नाही. पहिल्या दोन-तीन पावलांना संथ टाळी, मग त्याच्या पावलांबरोबर वेग वाढवायचा, आणि शेवटच्या उडीला थांबायचं. पूर्ण थांबायचं. चेंडू सुटताना मैदान शांत झालं की पुढच्या अर्ध्या सेकंदात बॅटचा, स्टंपचा किंवा कीपरच्या ग्लोव्हचा जो आवाज होतो तो कानात राहतो. टीव्हीवर हे मिळत नाही.

बिघडतं कुठे? समोरच्या स्टँडचा आवाज ऐकून टाळी धरली की. मैदान आरपार दीड-पावणेदोनशे मीटर असतं. समोरच्यांची टाळी तुमच्यापर्यंत अर्धा सेकंद उशिरा येते, तुम्ही ती धरली की तुमची त्यांच्यापर्यंत आणखी उशिरा जाते, आणि दोन्ही स्टँडचा ताल फाटतो. म्हणून कानाने नाही, डोळ्याने ताल धरा. गोलंदाजाच्या पायांकडे बघा. सगळ्यांनी तेच पाय बघितले की निदान तुमचा स्टँड तरी एका तालात राहतो.

दुसरी चूक, दिवसभर हेच करणं. दर चेंडूला ताल धरला तर दहा मिनिटांत हात भरून येतात आणि गोलंदाजाला त्याचं काही वाटेनासं होतं. विकेट पडल्यावर नवा फलंदाज आला की त्याचा पहिला चेंडू. हॅटट्रिकचा चेंडू. ८० षटकांनंतर नवा चेंडू घेतला की त्याचं पहिलं षटक. दिवसाचं शेवटचं षटक. एवढ्यासाठी राखून ठेवा.

आणि फलंदाज शतकाच्या उंबरठ्यावर असेल तर ९९ वर शांतता जास्त शोभते.

अपील आणि डीआरएस

पायचीतच्या अपिलावर स्टँडमधून निर्णय देता येत नाही. साइटस्क्रीनमागे बसलेल्याला दिशा दिसते पण उंची कळत नाही, स्क्वेअरला बसलेल्याला उंची कळते पण दिशा दिसत नाही. तेव्हा अपिलाला साथ द्या, पण अंपायरचं बोट वर जाईपर्यंत नाचू नका. बोट गेलं नाही तर कर्णधाराकडे रिव्ह्यू, म्हणजे डीआरएसखाली तिसऱ्या अंपायरकडून फेरतपासणी, मागायला १५ सेकंद असतात. त्या वेळात ‘घे, घे’ असा गलका करून काही साधत नाही. कर्णधार कीपरला आणि गोलंदाजाला विचारत असतो, त्याला त्यांचं बोलणं ऐकू येऊ द्या. एका डावात तीनच चुकीचे रिव्ह्यू माफ आहेत. ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे निसटता प्रसंग म्हणून मैदानावरच्या अंपायरचाच निर्णय कायम, असं आलं तर निर्णय बदलत नाही, पण रिव्ह्यूही जात नाही, त्यामुळे तिथे हळहळ ठीक, हुर्यो नको.

मोठ्या पडद्यावर आधी पायाचा नो-बॉल तपासतात, मग अल्ट्राएज (बॅटला चेंडू लागल्याचा आवाज टिपणारं तंत्र), मग चेंडूचा मार्ग. विकेट पडल्यावरही नो-बॉल तपासला जातो, म्हणून फलंदाज सीमारेषा ओलांडेपर्यंत थोडा दम धरलेला बरा.

कुणाला लागलं तर

हेल्मेटवर चेंडू बसला की जल्लोष करू नका. यात मतभेदाला जागा नाही. २५ नोव्हेंबर २०१४ ला सिडनीत फिल ह्यूजला मानेवर चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर या प्रसंगाकडे बघायची सगळ्या क्रिकेटची नजर बदलली. चेंडू लागल्यावर गोलंदाजसुद्धा आधी फलंदाजाकडे धावतो. प्रेक्षकांनी गप्प व्हायचं. फिजिओ तपासून जाईपर्यंत थांबायचं. फलंदाज पुन्हा गार्ड घेऊन उभा राहिला की मग मनापासून टाळ्या, कुठल्याही संघाचा असो. २०१९ पासून डोक्याला मार बसलेल्या खेळाडूऐवजी दुसरा खेळाडू घेता येतो, त्यामुळे तपासणीला वेळ लागतो. ‘चल रे, उठ’ असं ओरडून तो कमी होत नाही.

अंगावर चेंडू घेऊन परत उभं राहणाऱ्यांचा आपल्याकडे मोठा वारसा आहे. १९८१ मध्ये सिडनीत लेन पॅस्कोचा बाउन्सर डोक्याला लागून कोसळलेल्या संदीप पाटलांनी पुढच्याच कसोटीत ॲडलेडला १७४ धावा केल्या. आणि ४ ऑगस्ट २०२५ ला ओव्हलवर खांदा निखळलेला इंग्लंडचा ख्रिस वोक्स डावा हात स्वेटरच्या आत बांधून शेवटचा गडी म्हणून मैदानात आला, तेव्हा अख्खं मैदान उभं राहिलं, भारतीय पाठीराख्यांसकट. काही मिनिटांतच मोहम्मद सिराजच्या यॉर्करवर (थेट पायापाशी पडलेल्या चेंडूवर) गस ॲटकिन्सनचा त्रिफळा उडाला आणि भारत सहा धावांनी जिंकला. वोक्ससाठी वाजवलेल्या टाळ्यांनी त्या विजयाचा आनंद तसूभरही कमी झाला नाही.

समोरच्या संघाला दाद

यजमानांच्या मैदानावर पाहुण्याने डावात पाच बळी घेतले तर उभं राहून टाळ्या. त्याने शतक केलं तरी तसंच. ३१ जानेवारी १९९९ ला चेपॉकवर सचिनच्या १३६ धावांनंतरही भारत १२ धावांनी हरला आणि चेन्नईकरांनी पाकिस्तानच्या संघाला उभं राहून मानवंदना दिली. आपल्या वानखेडेवर डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलने न्यूझीलंडकडून डावातले सगळे दहा बळी घेतले, तेव्हाही टाळ्या कमी पडल्या नाहीत. तो फिरकीवाला, पण नियम तोच.

आपला फलंदाज बाद झाला की आधी दोन क्षण शांतता येतेच, ती येऊ द्या. मग त्याने जे केलं त्याला टाळ्या. १५ नोव्हेंबर २०१३ ला सचिन वानखेडेवर ७४ वर स्लिपमध्ये झेलबाद झाला. आधी सुन्न शांतता पसरली आणि मग तो पॅव्हिलियनच्या पायऱ्या चढेपर्यंत लोक उभे होते.

शिवीगाळीला मात्र कुठेच थारा नाही. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत सिराजने वांशिक शेरेबाजीची तक्रार केल्यावर खेळ थांबवावा लागला होता. तुमच्या रांगेत कुणी असं बोललं तर वाद घालत बसू नका, जवळच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला सीट नंबर सांगा.

जुना चेंडू

भारतात बरेच प्रेक्षक चाळिसाव्या षटकानंतर चहाला उठतात, आणि नेमका तेव्हाच रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुन्या चेंडूचं नेहमीपेक्षा उलट्या दिशेचं वळण, सुरू होतो. आपल्याकडे वापरतात त्या एसजी कंपनीच्या चेंडूची एक बाजू कोरड्या मैदानावर खरवडून निघते, दुसरी बाजू क्षेत्ररक्षक घामाने घासून गुळगुळीत ठेवतात. थुंकी लावायला आता बंदी आहे. चेंडू मग चकचकीत बाजूकडेच वळायला लागतो, आणि तेही उशिरा. चिन्हं दुरून ओळखता येतात. चेंडू घासायचं काम एक-दोन ठरलेल्या खेळाडूंकडेच जातं. घामट तळव्यांच्या खेळाडूंना खडबडीत बाजूला हात लावू देत नाहीत. स्लिप कमी होऊन मिड-ऑन, मिड-विकेट घट्ट होतात. गोलंदाज धावताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकतो, जसा आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान झाकायचा, फलंदाजाला चकचकीत बाजू दिसू नये म्हणून.

ही चिन्हं दिसली की जागेवर बसा. फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूरला जामठ्यावर दक्षिण आफ्रिकेच्या डेल स्टेनने ५१ धावांत ७ बळी घेतले. भारत ४ बाद २२१ वरून २३३ वर आटोपला. तेवढ्या वेळात चहा आणायला गेलेल्याला परत आल्यावर धावफलकावर विश्वास बसला नसता.

रिव्हर्सच्या वेळी दाद वेगळी असते. चेंडू फार उशिरा वळतो, त्यामुळे ‘ओऽऽ’ला वेळच नसतो. पायावर चेंडू आदळतो आणि लगेच अपील. इथे टाळ्या षटक संपल्यावर, सहाच्या सहा चेंडूंना एकत्र द्या.

हे सगळं डोळ्यात बसवायला कसोटीची वाट बघायची गरज नाही. रणजीच्या सामन्यांना बहुतेक ठिकाणी मोकळा प्रवेश असतो आणि गर्दी नसल्याने गोलंदाजाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मुंबईत असाल तर आझाद मैदानावर पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या सामन्याला सीमारेषेवर उभे राहा. ओलसर खेळपट्टीवर चेंडू शिवणीवर पडून किती वेडावाकडा वळतो ते दहा पावलांवरून दिसेल.

स्पेल संपल्यावर

पाच-सहा षटकांचा स्पेल टाकून झाला की वेगवान गोलंदाजाला सहसा फाइन लेगला किंवा थर्ड मॅनला, दोरीजवळ उभं करतात. तुमचा स्टँड तिथे असेल तर हीच वेळ. तो दोरीपाशी पोचायच्या आधी टाळ्या सुरू करा आणि तो वळून खेळपट्टीकडे तोंड करेपर्यंत वाजवत राहा. त्याचं नाव घ्या. विकेट मिळाली नसेल तर जास्त जोरात. तो हात वर करेल, कदाचित मागे वळून हसेलही. त्यानंतर मात्र त्याला हाका मारून सही किंवा सेल्फी मागू नका. पुढचा चेंडू पडणार असतो, आणि कट लागून तो त्याच्याच दिशेने येऊ शकतो.